मफी मुश्किल

जनाबिया, बहारीन
शनिवार, २२ मार्च २०२५

चि. निहार,

आशीर्वाद, आणि त्याच्या आधी एक टपली. पंधरा दिवस झाले, तुझा मेल नाही. शिलोठीत नेटवर्क नाही हे मला आता तोंडपाठ झालंय, पण सोमवारी आणि शुक्रवारी तू खाली बाजारात उतरतोस ना? मग किराण्याबरोबर ताईलाही चार ओळी टाकायला काय होतं?

इकडे रमजान चालू आहे. बँक दोन वाजता सुटते, त्यामुळे दुपारची मी माझ्या झाडांत असते. मागच्या अंगणात टोमॅटो लावलेत आणि त्यांच्या पानांवर भुरी, ती पांढरी बुरशी, आली होती. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून (इथे किराणा दुकानालाच तसं म्हणतात) लबनच्या चार बाटल्या आणल्या. लबन म्हणजे इथलं ताक, जरा दाट. दोन दिवस उन्हात ठेवून नाकाला झोंबेपर्यंत आंबवलं आणि फवारलं. पानं लख्ख! तुझे भाऊजी म्हणतात, रिफायनरीतून दमून यावं आणि घरात दुधाच्या डेअरीचा वास. कश्मिरा म्हणते, "मम्मा, धिस इज सो एम्बॅरसिंग." म्हणोत. अप्पांनी पिंपळगावची द्राक्षं तीस वर्षं आंबट ताकावर सांभाळली, त्यांनाही गाव हसायचं.

शिवांगी मागे फोनवर म्हणाली की यंदा सफरचंदाला फुलं खूप येणार म्हणून तू काळजीत आहेस. फुलं कमी आली तर रडायचं, जास्त आली तरी रडायचं? नीट समजावून लिही.

तुझी,
लीनाताई


शिलोठी, जि. शिमला
शुक्रवार, २८ मार्च

ताई,

टपली पोचली. बाजारात चहाच्या दुकानात बसून लिहितोय.

जास्त फुलं हीच खरी पंचाईत आहे. सफरचंदाच्या एका डोळ्यातून पाच-सहा फुलांचा झुबका निघतो. मधलं फूल आधी उमलतं, तेच सगळ्यांत दणकट. झुबक्यात फळ एकच ठेवायचं, आणि दोन फळांत वीतभर अंतर. बाकीची काढून टाकायची. तू लहानपणी द्राक्षाच्या घडाचे मणी कात्रीने विरळायचीस ना, तेच हे, फक्त शिडीवर चढून. नाही काढली तर फळं लिंबाएवढी राहतात आणि झाड इतकं थकतं की पुढच्या वर्षी फुलतच नाही. गेल्या वर्षी झाडं रुसलेली होती, यंदा उधळलीत. आत्ता आवरलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा उपास.

शेजारचे बागवाले एक औषध मारून मोकळे होतात. आमचं सेंद्रियचं तिसरं वर्ष, ते औषध चालत नाही. हाताने विरळायचं तर अकराशे झाडं, आणि दरवर्षी येणारी नेपाळी माणसं यंदा बोगद्याच्या कामावर गेली. उरलो आम्ही दोघं आणि मालक, म्हणजे बाबूजी आणि बीजी. बाबूजी एकाहत्तरचे आहेत, तरी शिडीवर माझ्या आधी चढतात.

म्हणून मी गंधक-चुना घेतलाय. सेंद्रियात तो चालतो. मधली फुलं फळली की फवारायचा, मग मागून उमलणारी फुलं करपून गळतात. बाबूजींना पटत नाही. म्हणतात, "फूल जलाना अच्छा नहीं, बेटा." पण मला एक वर्ष दिलंय त्यांनी. यंदा जमलं नाही तर ते बाग पुन्हा रासायनिक औषधांवर नेणार, आणि आम्ही परत पुण्याला.

त्यात नव्या पानांवर भुरी दिसतेय. म्हणजे अकराशे झाडांवर दोन फवारण्या, माणसं चार, पंप एक. गंधक-चुन्याला कुजक्या अंड्यांचा वास आहे. शिवांगी मला जेवायला बाहेर बसवते.

निहार


जनाबिया
मंगळवार, १ एप्रिल

चि. निहार,

ईदची सुट्टी आहे, पाय पसरून लिहितेय.

अरे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. भुरीला अप्पांचं ताक असताना तू चिंता कसली करतोस? आणि दोन फवारण्या हव्यातच कशाला? ताक त्या गंधक-चुन्यातच मिसळ. एक ड्रम, एक फेरी, दोन कामं. अप्पासुद्धा ताकात काय काय ढवळायचे, आठवतं का? हिंग, हळद, एकदा तर आईची मेंदी.

एकच गोष्ट. तुमच्याकडे थंडी, ताक लवकर आंबणार नाही. कपाळाला आठी पडेल इतकं आंबट झालं पाहिजे. तुमच्या घराखाली तो रिकामा गोठा आहे ना, तिथे ड्रम ठेव. खिडकी नाही म्हणालास, उत्तमच, ऊब राहील. दारही लावून घे. आणि मिसळणंही तिथेच कर, म्हणजे थंड वाऱ्यात ताक फाटायचं नाही.

झाडांनाही घरच्यासारखं सांभाळावं लागतं रे. बाबूजींना सांग, नाशिकची माणसं फळ कसं वाढवायचं ते जाणतात.

ताई


शिलोठी
सोमवार, ७ एप्रिल

ताई,

ताक ही कल्पना झकास आहे. बीजींनी गावातल्या तीन घरांतून ताक गोळा केलं, दोन ड्रम भरले. गोठ्यात आंबायला ठेवलेत. बीजी म्हणतात, "हमारे यहाँ छाछ पीते हैं, पेड़ों को नहीं पिलाते." पण हसतात.

काल एका बादलीत अंगणात करून पाहिलं. ताक ओतताच तांबूस पाणी पिवळट झालं आणि फेस आला. वास एकदम वाढला, डोळे चुरचुरले. मी वाकून ढवळत होतो. उठलो तेव्हा जरा गरगरलं आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून होतं. उंचीमुळे असेल, किंवा उपाशीपोटी काम केलं म्हणून असेल. शिवांगी चिडलीय. तिला हा फेस आवडलेला नाही.

एक कर. भाऊजींना एकदा विचार. त्यांचं निम्मं आयुष्य रिफायनरीतल्या असल्या वासांत गेलंय. त्यांनी हो म्हटलं की शिवांगीचंही समाधान होईल आणि माझंही. विसरू नकोस.

मधली फुलं उमलायला लागलीत. आठवडाभरात फवारावंच लागेल.

निहार


जनाबिया
बुधवार, ९ एप्रिल

चि. निहार,

विचारलं तुझ्या भाऊजींना. म्हणाले, "मफी मुश्किल." इथे ऑफिसात, दुकानात, टॅक्सीत हेच उत्तर असतं, काही अडचण नाही. तेव्हा शिवांगीला सांग, मोठ्या साहेबांची सही झाली.

फेस येणारच. ताकात सोडा टाकला तर येत नाही का? आणि डोकं उपाशीपोटी दुखतंच. न्याहारी करून कामाला लाग आणि नाकाला ओला पंचा बांध.

इकडे सखीरला या शनिवार-रविवारी गाड्यांची रेस आहे, सगळ्या रस्त्यांवर आत्तापासून गर्दी. कश्मिराच्या वर्गातली अर्धी मुलं जाणार आहेत, म्हणून तीही रुसून बसलीय. तुझे भाऊजी शिफ्टवर, मी बँकेत, घरात बोलायला माणूस नाही. तुझं पत्र आलं की बरं वाटतं.

काम झालं की फोटो पाठव. अप्पा असते तर त्यांना दाखवला असता.

ताई


शिलोठी
शुक्रवार, ११ एप्रिल

ताई,

काल सकाळी कामाला खाली उतरलो तेव्हाच तुझा मेल वाचला. भाऊजींचं "मफी मुश्किल" इथे मंत्रासारखं चाललं. शिवांगी गप्प झाली. बाबूजी कालपासून तोच शब्द घोळवतायत. म्हैस दूध देईना, मफी मुश्किल. कुत्र्याने चप्पल पळवली, मफी मुश्किल.

बाग पांढरीफेक आहे. मधमाश्यांचा आवाज घरात ऐकू येतो. मधली फुलं फळलीत, बाकीची उमलतायत, म्हणजे हीच वेळ. सोमवारी सकाळी सहा वाजता गोठ्यात दोन्ही ड्रम मिसळणार आणि ऊन व्हायच्या आत फवारणी सुरू करणार. बाबूजी ड्रम कलता करायला येतील. त्यामुळे सोमवारी बाजारात उतरणार नाही, मंगळवारी येईन.

एक गंमत सांगायची राहिली. काल पुन्हा एक बादली केली, या वेळी गोठ्यात, तू म्हणालीस तशी दार लावून. सुरुवातीला वास इतका की श्वास घेववेना. मग दोन मिनिटांत वास चक्क गेला! नावालासुद्धा राहिला नाही. ताकाने गंधकाला पुरतं गिळलं म्हणायचं. मी बाहेर येऊन शिवांगीला सांगितलं तर तिला मात्र माझ्या कपड्यांना भयंकर वास येत होता. मला काहीच येत नव्हता. पायांत जरा कापरं भरलं होतं, पण बसल्यावर गेलं.

मोठ्या ड्रमचंही असंच झालं तर दिवसभर सुखाने फवारता येईल.

निहार


जनाबिया
रविवार, १३ एप्रिल, दुपारी साडेतीन

निहार,

मिसळू नकोस. मिसळू नकोस. गोठ्यात जाऊ नकोस.

हा मेल तू मंगळवारी वाचणार हे मला माहीत आहे, तरी लिहितेय, कारण कदाचित तू आज काही कामाला खाली उतरशील. शिवांगी उतरेल. कुणीतरी उतरेल.

तुझे भाऊजी आत्ता शिफ्टवरून आले. जेवताना मी मोठ्या तोऱ्यात तुझं पत्र वाचून दाखवलं. बघा, ज्या ताकाला हसता त्याने गंधकाचा वास मारला. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. म्हणाले, "काय मिसळलं? कुठे? पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. ते उठून उभे राहिले.

ऐक. गंधक-चुन्यात काहीही आंबट पडलं की विषारी वायू सुटतो. रिफायनरीत छातीला अडकवायचं ते पिवळं यंत्र याच वायूसाठी असतं, आणि ते यंत्र नसेल तर भाऊजींना गेटच्या आत पाऊल टाकू देत नाहीत. वास जातो तो वायू गेला म्हणून नाही. वायू इतका वाढतो की नाक मरतं. त्यानंतर माणूस उभ्याउभ्या पडतो. तो जड असतो, खाली साचतो, बंद खोलीत साचतो. तुझ्या त्या बादलीने तुला सोडलं हे नशीब. ड्रम सोडणार नाही. आणि एक पडला की त्याला काढायला जाणारा दुसराही पडतो, हे तुझ्या भाऊजींनी मला तीनदा लिहायला सांगितलंय. कुणी पडलं तर आत जायचं नाही.

आता दुसरं. मी त्यांना विचारलंच नव्हतं, निहार. तू लिहिलंस, विसरू नकोस. मी विसरले नव्हते. ते हसतील, अप्पांच्या ताकाला नावं ठेवतील, म्हणून नाही विचारलं. "मफी मुश्किल" मीच लिहिलं. त्यांचा शब्द म्हणून माझा शब्द तुझ्या गळी उतरवला. मला लाज वाटतेय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय.

तुझा फोन बंद, शिवांगीचा बंद. शिमल्याच्या पोलिसांना फोन केला. त्यांनी विचारलं, शिलोठी कोणती, वरची की खालची? मला माहीत नाही रे. तीन वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही. बागेच्या मालकाचं नाव विचारलं, मी म्हटलं बाबूजी. ते म्हणाले, इकडे सगळेच बाबूजी. तुझं नाव, तुझं वर्णन, नाशिकचा माणूस, सेंद्रिय बाग, सगळं सांगितलं. म्हणाले, सकाळी माणूस पाठवतो.

सकाळी किती वाजता, ते सांगेनात.

ताई


जनाबिया
सोमवार, १४ एप्रिल

निहार,

तुमचे सहा वाजले तेव्हा आमचे साडेतीन होते. आम्ही दोघं बसून होतो. आता आमचे दहा वाजलेत. शिमल्यात कुणी फोन उचलत नाही.

तू मंगळवारी हे वाचशील तेव्हा मला शिव्या घाल. वाटेल तितक्या घाल, पण लिही.

ताई


शिमला
शनिवार, १९ एप्रिल

लीनाताई,

तुमचे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. निहार जिवंत आहे, एवढं मयुरेशभाऊजींना कळवलं होतं. बोलायला लागले असते तर काय बोलले असते मला सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

निहार इथे इस्पितळात आहे. ऑक्सिजन कालपर्यंत होता. बोलतो, पण शब्द शोधावे लागतात. सहा आणि सात यांत कोणता मोठा, हे काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणतात, सुधारेल. किती, ते सांगत नाहीत.

बाबूजी गेले.

सोमवारी सव्वासहाला निहार एकटाच ड्रम कलता करत होता. बाबूजींना यायला दोन मिनिटं उशीर झाला, ते गुरांना पाणी पाजत होते. दार उघडलं तर निहार खाली पडलेला. बाबूजी तसेच आत गेले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने त्याला काखेत धरून उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं, आणि तिथून मागे कोसळले, आतल्या बाजूला. मी धावत खाली आले. निहारचे पाय बाहेर होते, ते धरून मी त्याला अंगणात घेतलं. मग बाबूजींसाठी आत शिरणार तोच बीजींनी मागून माझी ओढणी धरली. दोन्ही हातांनी. मी ओरडत होते, त्या सोडेनात. स्वतःचा नवरा समोर पडलेला असताना त्यांनी मला सोडलं नाही. त्या एवढंच म्हणत होत्या, "तू नहीं, तू नहीं."

शिपाई दहा वाजता पोचला. आधी खालच्या शिलोठीत गेला होता.

तुमची शेवटची दोन पत्रं मी परवा इथे, इस्पितळाच्या व्हरांड्यात वाचली. निहारने वाचलेली नाहीत. त्याला आधीची पत्रं आठवतात. पोलिसांनी विचारलं, ही ताकाची कल्पना कुणाची? तो म्हणाला, माझी. कुणाला विचारलं होतं का? तो म्हणाला, नाही, कुणालाच नाही. त्याला नीट बोलताही येत नाही, पण हे वाक्य तो न अडखळता बोलतो. बहुतेक घोकून ठेवलंय. काल मला म्हणाला, "ताईचे मेल पुसून टाक."

मी पुसलेले नाहीत.

मी दिवसाआड शिलोठीला घरी जाऊन येते. बीजी दर वेळी विचारतात, आपल्याकडे छाछ तर पितात, ही छाछ झाडांना घालायची गोष्ट आली कुठून? त्यांना राग नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारतात. मी उठून निहारचे कपडे भरायला लागते. बागेत फुलं गळून बारीक फळं धरायला लागलीत. झुबक्यात पाच-पाच, सहा-सहा. गावातल्या बायका म्हणाल्या, तेरावा झाला की आम्ही सगळ्या येऊन हाताने विरळून देऊ. इतके दिवस आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. माणसं नाहीत असं निहार म्हणायचा, पण एकाही घरी आम्ही गेलो नव्हतो.

तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला काय करा हे मी सांगणार नाही.

शिवांगी


जनाबिया
रविवार, २० एप्रिल

शिवांगी,

मेल पुसू नकोस. एकही नाही.

मंगळवारच्या विमानाने मी दिल्लीला उतरतेय, तिथून गाडीने येईन. तुझे भाऊजी बरोबर येतायत. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिलेला नाही आणि त्यामुळे घरात बसवत नाही. आज बँकेत एक बाई खातं उघडायला आली होती, तिने काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीने तेच निघालं, मफी मुश्किल. मी फॉर्म तिथेच ठेवून उठले.

आधी निहारकडे येणार नाही. त्याने मला पाहिलं की तो पुन्हा तेच खोटं बोलेल आणि मी त्याला बोलू देईन, माझी मला खात्री नाही. आधी शिलोठीला, वरच्या. आता मला माहीत आहे, वरची. मग पोलिसांकडे, ही पत्रं घेऊन. मग निहारकडे.

बीजींना काय सांगायचं ते मी हिंदीत म्हणून पाहतेय. वाक्य लहान आहे. छाछ मैंने बताई थी, और झूठ भी मैंने ही लिखा था. अजून शेवटपर्यंत म्हणता येत नाही, पण दिल्लीपासून रस्ता लांब आहे.

मी येतेय हे त्यांना सांग. का येतेय ते सांगू नकोस, ते मलाच सांगू दे. चहा ठेवू नका, पाणीसुद्धा देऊ नका. त्या पाहुणी म्हणून हात धरून घरात नेतील, आणि मग माझ्याने बोलवणार नाही. मी अंगणातच उभी राहीन.

लीना